पाखरांवर आलेला आळ

बेळगावच्या खडेबाजारात बाजारहाटाला येणाऱ्या जंगलपट्टीतील कित्येक कुटुंबांची उन्हाळ्यातील मीठभाकर गोव्याच्या काजूबागांवर चालते. २०१६ साली या जिल्ह्यातून तिकडे काजू गोळा करण्यास गेलेले काही मजूर तापाने फणफणले, आणि हा ताप माकडताप असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्या आदल्या वर्षी सत्तरी तालुक्यात आणि त्याच वर्षी दोडामार्ग तालुक्यात या रोगाने पाऊल टाकले होते. या रोगाच्या संशोधनाचा इतिहास चाळताना एक नाव पुढे येते आणि ते पाहून वाचकांना नवल वाटेल. ते नाव पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सलीम अली लहानपणीच आईबापांना मुकले आणि खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका पीतकंठ चिमणीचे नाव विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेले आणि तेथून त्यांच्या आयुष्याची वाट ठरली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तितकी ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, बर्लिनमध्ये प्रा. श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून १९३० साली परतलेल्या या माणसाला नोकरी उरली नव्हती. वस्तुसंग्रहालयातील जागा पैशाअभावी रद्द झाली होती. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या संसाराचा अभ्यास केला आणि एकच नर एकामागून एक घरटी विणून अनेक माद्यांशी घरोबा करतो, हे जगाला दाखविले. पैसा नसताना काम कसे करावे, हे त्यांना किहीमने शिकविले असे आम्हांस वाटते. पुढे हैदराबाद, त्रावणकोर, म्हैसूर अशा संस्थानांच्या पक्षिगणना त्यांनी केल्या त्याही याच काटकसरीने.

परंतु एक हौस पुरी होत नव्हती. पाखरे हिवाळ्यात कोठून येतात आणि परत कोठे जातात, हे जाणावयाचे तर ती हजारोंनी पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून सोडावी लागतात. १९२७ च्या सुमारास धारच्या पवार महाराजांच्या साह्याने सोसायटीने असा एक प्रयत्न केला होता. मोठ्या प्रमाणावर ते काम करणे सोसायटीच्या ऐपतीबाहेरचे होते.

१९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात वानरे व लाल तोंडाची माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने आजारी पडले. माकडे मरतात म्हणजे आफ्रिका व अमेरिकेतील पीतज्वर हिंदुस्थानात आला की काय, या धास्तीने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे धावले. विषाणू निराळा निघाला. तो गोचिडींतून पसरत होता आणि रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे नाते होते. सैबेरियाचा भाईबंद मलनाडात कसा आला? संशय गेला हिवाळी पाहुण्यांवर. पाखरांनीच अंगावरच्या गोचिडींसह हा रोग आणला असेल, असा तर्क निघाला.

या तर्काची शहानिशा करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९५९ मध्ये सोसायटीस साह्य दिले आणि सलीम अलींची जुनी हौस पुरी होण्याची वेळ आली. ज्या पाखरांवर आरोपपत्र ठेवावयाचे, त्यांच्या आयुष्यभराच्या कैवाऱ्याच्या हाती तपास सोपविला गेला, हा योगायोग मोठा गमतीचा म्हणावा लागेल! कच्छमध्ये, भरतपूरला, ठिकठिकाणी जाळी लागली. पाखरू हलक्या हाताने सोडवावयाचे, मोजावयाचे, अंगावरच्या गोचिडी टिपावयाच्या, रक्ताचा थेंब घ्यावयाचा, कडी घालून सोडून द्यावयाचे. साठी ओलांडलेले सलीम अली पहाटेपासून या कामात असत. त्यांनी कडी घातलेली पाखरे पुढे सोव्हिएत भूमीत सापडली आणि स्थलांतराच्या वाटा प्रथमच पुराव्यानिशी आखता आल्या.

आरोप मात्र सिद्ध झाला नाही. सैबेरियातून पाखरांनी हा रोग आणल्याचा पुरावा हाती आला नाही. कोलंबियाचे शास्त्रज्ञ बोशेल यांनी मलनाडात राहून वेगळीच दिशा दाखविली. विषाणू रानात पूर्वीपासूनच उंदीर, चिचुंद्री व गोचिडी यांत गुपचूप नांदत असावा. माणसाने रान तोडून शेते केली, गुरे रानात चरू लागली, गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडींची पैदास वाढली आणि त्यांची पिले माकडांना व माणसांना डसू लागली. म्हणजे शोध दूरदेशी चालला होता आणि कारण गोठ्याशी होते.

१९६० नंतरच्या दशकात या कामाला अमेरिकी सैन्याच्या संशोधन विभागाचा पैसा मिळू लागला आणि येथे घोळ झाला. पाखरांकरवी रोग पसरविण्याची ही तयारी तर नव्हे, अशी शंका निघाली. १९७४-७५ च्या सुमारास संसदेच्या लोकलेखा समितीने अशा परदेशी सहकार्यावर कडक ताशेरे ओढले. कोणाच्या पैशाने काय होते, हे विचारण्याचा संसदेला पूर्ण अधिकार आहे. सलीम अलींनी मात्र हेरगिरीचा आरोप सपशेल फेटाळला. आमच्या मते खंत एवढीच की, परदेशी पैसा संशयास्पद ठरविला, तेव्हा त्याच्या जागी स्वदेशी पैसा पुरेसा उभा केला नाही. कडी घालण्याचे काम काही वर्षे थंडावले. ते पुन्हा जोमाने सुरू झाले १९८० नंतर.

दरम्यान रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा पक्षिकोश १९७४ मध्ये पुरा झाला, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले, १९८५ मध्ये राज्यसभेत नेमणूक झाली. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले. गोव्यातील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य त्यांच्या नावाने ओळखले जाते.

माकडताप मात्र शिमोग्यात थांबला नाही. २०१२ नंतर तो बंदीपूर, वायनाड, सत्तरी, दोडामार्ग अशी सह्याद्रीची लांबी मोजत आला. जुनी लस निष्प्रभ ठरून बंद पडली. आपल्याकडे मेलेल्या वानरास मारुतीरायाचे रूप मानून हळद-कुंकू लावून मूठमाती देतात. ही भावना आदरणीय आहे, परंतु प्रेत थंड होऊ लागताच गोचिडी ते सोडून जवळ येईल त्या अंगावर चढतात, हे गावोगाव सांगितले पाहिजे. माकड मेल्याची खबर वनरक्षकास त्याच दिवशी द्यावी आणि नमस्कार दुरून करावा. खानापूर, सत्तरी आणि दोडामार्ग यांचे रान एकच आहे, सरकारे तीन आहेत. एका राज्यात मेलेल्या माकडाची नोंद दुसऱ्या राज्याच्या आरोग्य केंद्रात त्याच आठवड्यात पोहोचावी, एवढी व्यवस्था तरी या तिघांनी मिळून डिसेंबरात रोगाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी करावी.