संत जीन जुगान : वृद्धांची धाकटी बहीण



आजारी आणि वयोवृद्ध मंडळींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी घरोघरी जातो, हे आपण जाणताच. चिरनेर आणि आसपासच्या पाड्यांत आता अशी कितीतरी घरे आहेत, जिथे फक्त आजी-आजोबा राहतात. मुले नोकरीनिमित्त पनवेल, नवी मुंबई किंवा आखातात. मागे एका घरी प्रार्थना आटोपल्यावर आजींनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. अजून चार घरे व्हायची होती. मी घड्याळाकडे पाहिले आणि पुढच्या वेळी बसतो म्हणून निघालो. पुढच्या वेळी आजी नव्हत्या. ती खुर्ची मला अजून आठवते, म्हणूनच आज संत जीन जुगान हिची कथा सांगावीशी वाटते.

जीनचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात, कांकाल या मासेमारीच्या गावी झाला. तेव्हा फ्रेंच राज्यक्रांती धुमसत होती; चर्चवर संकट होते. जीन जेमतेम चार वर्षांची होते न होते तोच तिचे वडील मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. समुद्राकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे आपल्या करंजा-मोऱ्याच्या भगिनींना सांगायला नको. आईने मोलमजुरी करून मुलांना वाढवले.

सोळाव्या वर्षी जीन एका श्रीमंत बाईंच्या घरी स्वयंपाकघरात कामाला लागली. या बाई गोरगरिबांच्या भेटीला जात, तेव्हा तिलाही बरोबर नेत. गरिबाच्या घरी कसे जायचे, कसे बोलायचे, त्याला ओशाळे वाटू न देता कसे द्यायचे, हे ती तिथे शिकली. एका खलाशाने तिला लग्नाची मागणी घातली, पण देवाने आपल्याला दुसऱ्या कशासाठी तरी राखून ठेवले आहे, असे सांगून तिने नकार दिला. ते दुसरे काय, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. त्याचा उलगडा व्हायला आणखी वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

१८१७ मध्ये ती जवळच्या सँ-सेरव्हाँ शहरात आली. सहा वर्षे इस्पितळात रुग्णसेवा केली आणि थकून आजारी पडली. मग एका बाईंच्या घरी बारा वर्षे राहिली. त्या बाई वारल्यावर एका म्हाताऱ्या मैत्रिणीसोबत तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दिवसा लोकांकडे धुणे, शिवणकाम, संध्याकाळी प्रार्थना. असेच आयुष्य सरले असते तर आज तिचे नावही कोणाला माहीत नसते.

१८३९ च्या हिवाळ्यात एका आंधळ्या, अर्धांगाने लुळ्या झालेल्या वृद्धेची बातमी तिच्या कानावर आली. नाव ॲन शोव्हँ. सांभाळणारे कोणी उरले नव्हते. जीनने तिला उचलून अरुंद जिन्यावरून आपल्या घरी आणले, स्वतःच्या बिछान्यावर निजवले आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. तेव्हा जीन ४७ वर्षांची होती. आपण ज्याला उतरणीचे वय म्हणतो, त्या वयात तिच्या कार्याची सुरुवात झाली. लवकरच दुसरी वृद्धा आली, मग तिसरी. १८४१ मध्ये मोठी जागा घ्यावी लागली आणि पुढच्याच वर्षी एक जुना मठ विकत घेतला. मदतीला आलेल्या तरुणींचा छोटा संघ तयार झाला. तोच पुढे ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’, म्हणजे गरिबांच्या धाकट्या भगिनी, या नावाने जगाला माहीत झाला.

इतक्या माणसांचे पोट भरायचे कसे? आलेल्या वृद्धांपैकी बऱ्याच जणी आजवर दारोदार भीक मागत होत्या. जीनने त्यांना घरी बसवले, त्यांना कोणकोण भिक्षा घालते हे विचारून घेतले आणि त्यांच्या जागी स्वतः टोपली घेऊन त्याच दारांशी उभी राहू लागली. एकदा एका चिडलेल्या माणसाने तिच्या थोबाडीत मारली. तिने शांतपणे सांगितले की, ही माझ्यासाठी झाली, आता माझ्या गरिबांसाठीही काहीतरी द्या. त्या माणसाचा राग ओसरला आणि त्याने दान दिले.

पण जीनचे घर म्हणजे केवळ दोन वेळचे जेवण आणि अंथरूण नव्हते. ज्यांचे हात चालत होते त्या वृद्धा सूत कातत, लोकर पिंजत, कपडे दुरुस्त करत. त्यात त्यांचा वेळ जाई, घराला हातभार लागे आणि आपण अजून कोणाच्या तरी उपयोगी पडतो हे समाधान मिळे. आँजे शहरात असताना सणाच्या दिवशी आपल्या वृद्धांना आनंद व्हावा म्हणून ती थेट लष्करी अधिकाऱ्याकडे गेली आणि पलटणीचे वाजंत्री मागून आणले! आज आपण वृद्धांच्या आरोग्याविषयी बोलतो तेव्हा रक्तदाब, साखर, गुडघे इथेच थांबतो. सोबत, काम, विनोद, संगीत आणि प्रार्थना यांचीही माणसाला औषधाइतकीच गरज असते, हे त्या कमी शिकलेल्या बाईला उमगले होते.

आता कथेतील कडू भाग. संघाच्या भगिनींनी जीनलाच प्रमुख निवडले होते. पण डिसेंबर १८४३ मध्ये संघाचे मार्गदर्शक फादर ल पायर यांनी ती निवड रद्द करून एका तरुण भगिनीला प्रमुख नेमले. १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने जीनला मानाचा पुरस्कार दिला, देशभर तिचे नाव झाले, तरी संघात तिला स्थान नव्हते. १८५२ मध्ये भिक्षेचे कामही काढून घेऊन तिला मुख्य मठात बोलावण्यात आले. संस्थापक म्हणून फादर स्वतःचे नाव सांगू लागले. जीन नवशिक्या भगिनींमध्ये एक साधी वृद्ध भगिनी म्हणून राहू लागली. ही संस्था आपल्याच सोबतच्या आजींनी उभारली, हे त्यांतील कित्येकींना माहीतही नव्हते.

असे थोडेथोडके नव्हे, २७ वर्षे चालले. झाला तो अन्याय होता, त्याला दुसरे नाव देऊ नये. चर्चमधील माणसाकडूनच तो झाला, हेही लपवू नये. पण जीनने मन कडवट होऊ दिले नाही. जिने वृद्धांना घर दिले, ती आता स्वतः त्या घरातील वृद्ध झाली होती. काठी टेकत बागेत फिरणे, जपमाळ, तरुण भगिनींना चार गोष्टी सांगणे, एवढेच तिचे जग. संघाने कायमच्या उत्पन्नाची ठेव स्वीकारावी का, असा प्रश्न १८६५ मध्ये निघाला, तेव्हा मात्र तिचे मत विचारले गेले. देवाच्या भरवशावरच राहावे, असे तिने सांगितले आणि तेच मान्य झाले.

२९ ऑगस्ट १८७९ रोजी ती प्रभूघरी गेली, तेव्हा भगिनींची संख्या सुमारे २,४०० झाली होती. १८९० मध्ये रोमने चौकशीअंती फादर ल पायर यांना पदावरून दूर केले आणि हळूहळू सत्य उजेडात आले. १९८२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला धन्य घोषित केले, तर ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद बहाल केले. तिच्या भगिनी १८८२ मध्ये कोलकात्यात आल्या. आपल्या मुंबईतही, अंधेरीला, त्यांचे वृद्धांसाठी घर आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘व्यक्ती’ म्हणजे काय, याची व्याख्या आम्ही पाठ केली होती. त्या व्याख्येत ‘उपयुक्त’ हा शब्द कुठेही नव्हता. पण कमाई थांबली की माणसाची किंमत कमी होते, हे आपण न शिकताच मानू लागतो. जीनने आधी दुसऱ्यांच्या आणि मग स्वतःच्या म्हातारपणी ते मानायला नकार दिला.

वृद्धाश्रम वाईट आणि घर चांगले, असे सरसकट म्हणता येत नाही. कधी घरात माणसे असूनही आजोबा एकटे असतात, तर कधी आश्रमात नवे सोबती मिळतात. छप्पर कोणते यापेक्षा, तिथे आपल्याला नावाने हाक मारणारे कोणी आहे का, हे महत्त्वाचे.

म्हणून एक विनंती. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने गावातील एका वृद्ध व्यक्तीकडे जावे. फळे न्या, पण त्यांच्याकडून काहीतरी मागाही : एखादी जुनी आठवण, लोणच्याची कृती, मुलांसाठी प्रार्थना. आणि खुर्ची पुढे आली तर बसा. मीही बसणार आहे.

हे संत जीन जुगान, आम्हांसाठी विनंती कर.