विश्लेषण : जेआरडी टाटांची विमाने भाड्याच्या रानात का उतरायची?

नांदेडची धावपट्टी १९५८ची, लातूरची १९९१ची. विमानसेवा सुरू होते, बंद पडते आणि नुसती धावपट्टी उरते, हे दोन्ही शहरांनी पाहिले आहे. टाटांची पहिली टपाल विमाने मात्र जिथून उडाली, तिथे धावपट्टीही नव्हती.

विमानाचे वेड कुठून आले?

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४चा, पॅरिसचा. आई फ्रेंच. सुट्टीत कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या हार्दलो या समुद्रकाठच्या गावी जाई. १९०९मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही घर तिथेच. विमाने थेट वाळूवर उतरत. पंधराव्या वर्षी जेआरडी पहिल्यांदा विमानात बसले आणि पुढचे सगळे तिथेच ठरले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१९३०मध्ये आगा खान यांनी भारत-इंग्लंड उड्डाणासाठी बक्षीस लावले. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकलेले दिसले. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग देऊन टाकले. स्पर्धा अस्पींनी जिंकली; तेच पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

जुहू आणि येरवडा

टपाल विमानाची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. सरकारने अनुदान नाकारले. अखेर टाटांनी दोन लाख रुपये घातले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी छोटे पुस मॉथ विमान घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान मुंबईत जुहूला उतरले आणि व्हिन्सेंट टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासकडे गेले.

जुहू म्हणजे समुद्राला लागून असलेली चिखलट जमीन आणि एक शाकारलेली शेड. रेडिओ नाही, दिवे नाहीत. पावसाळ्यात भरतीचे पाणी आत शिरे, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. तिथे येरवडा तुरुंगाच्या सावलीत एक मैदान भाड्याने घेतले होते. हा तोच तुरुंग, जिथे १९३२च्या सप्टेंबरात गांधीजींचे उपोषण झाले होते. एवढ्या तुटपुंज्या सोयींवर पहिल्याच वर्षी साठ हजार रुपये नफा झाला, हे आजच्या तोट्यातल्या विमान कंपन्यांकडे पाहता नवलाचेच.

कंपनी हातातून कशी गेली?

१९४६मध्ये तिचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. १९५३मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. जेआरडींचा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता, तरी त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले. कदाचित विमाने दुसऱ्यांवर सोडणे त्यांना जमले नसावे. १९७८मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले.

व्हिन्सेंट १९४२मध्येच विमानासह बेपत्ता झाले होते. जेआरडी १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा कराची-मुंबई उडाले आणि जुहूलाच उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. एअर इंडिया जानेवारी २०२२मध्ये टाटांकडे परतली. जुहूवर आता हेलिकॉप्टर उतरतात आणि पुण्याची विमाने लोहगावातून उडतात.