खाशाबा जाधव : हारीतून घडलेला मल्ल

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगला, म्हणजे लोक विजयी मल्लास खांद्यावर घेऊन नाचतात. पाठीला माती लागलेला मल्ल मात्र कपडे उचलून मुकाट्याने गर्दीबाहेर पडतो. त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार कोणी करीत नाही. म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस आज एका हरलेल्या मल्लाचे चरित्र सांगणार आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील स्वतः मल्ल. तेव्हा कुस्तीचे धडे घरीच मिळाले. पुढे कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात व कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. तांबड्या मातीत वाढलेल्या या तरुणास तेथील गादी व तिचे नियम नवे होते. त्यांस सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. परंतु हारीचे दुःख उगाळीत न बसता ते अधिक कसून मेहनतीस लागले.

१९५२ साली हेलसिंकीस जावयाचे, तर गाठीस पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली; राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांस नमविले. जपानच्या इशीशी झालेली दीर्घ झुंज मात्र ते हरले. लागलीच त्यांस रशियाच्या मल्लापुढे उभे करण्यात आले. नियमाची विश्रांती मागण्यास आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. तीही कुस्ती गेली. सुवर्णपदक हुकले, तरी कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. गावी शंभरांवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिकही हुकले. १९५५ पासून ते पोलीस खात्यात होते. तेथे त्यांनी निवृत्तीपर्यंत निष्ठेने सेवा केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला, तो मरणोत्तर.

पालकांस आमची एकच विनंती आहे. खर्डीकरांनी घर गहाण ठेविले, ते जिंकून आलेल्या शिष्यासाठी नव्हे. सहावा येऊन परतलेल्या शिष्यासाठी. आपले मूल परीक्षेत वा खेळात हरून, खाली मान घालून दाराशी येईल, तेव्हा त्यास प्रथम घरात घ्यावे. हिशेब मागून विचारावा. आणि मुलांनो, पाठीची माती झटकता येते. ती झटकून उद्या पुन्हा आखाड्यात उतरण्याचे बळ देव तुम्हां सर्वांस देवो.