नामदार गोखले : सरकारला हिशेब विचारणारा मास्तर

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लोकमान्यांवर लेख असतो, आणि तो असायलाच हवा. हा उत्सव चौकात आणला तो त्यांनीच. पण त्याच पुण्यात, त्याच काळात, त्यांच्याच जोडीने शिक्षकी सुरू केलेला आणि पुढे त्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झालेला आणखी एक माणूस होता. त्याच्यावर आपल्या मंडळींत फारसे लिहिले जात नाही. टिळकांना लोकांनी लोकमान्य म्हटले. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाआधी मात्र लागले ते नामदार. ही काही लाडाने दिलेली पदवी नव्हे. कायदेमंडळाच्या सभासदाला नामदार म्हणत. गोखल्यांनी ते सभासदत्व असे गाजवले की पुढे शंभर वर्षे तो शब्द त्यांच्या नावालाच चिकटून राहिला. त्या एका शब्दामागचे आयुष्य या लेखात सांगायचे आहे. त्यात आपल्या बडोद्याचाही एक धागा आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या कोतळूक गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना ते वारले. थोरले बंधू गोविंदराव स्वतः अजून शिकत होते. त्यांनी शाळा सोडली आणि कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरांतले आठ रुपये ते दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या सातांत घर चालवीत. पै-पैचा हिशेब गोखल्यांच्या स्वभावात आला तो असा. पुढे सरकारच्या कोटी-कोटींच्या अंदाजपत्रकाकडे पाहतानाही त्यांच्या नजरेसमोर आठ रुपयांत महिना काढणारी घरेच असत.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. तेव्हा अठरा वर्षांच्या पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळत होती. गोखले मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे पडेल ते विषय शिकवत राहिले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले. म्हणजे पुढे अर्थखात्याच्या साहेबांची गणिते तपासणारा हा गृहस्थ मुळात गणिताचा मास्तर होता.

त्यांना घडवले ते न्यायमूर्ती रानड्यांनी. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम रानड्यांनी या तरुण मास्तरावर सोपवले. रानड्यांकडची शिकवणी कडक असे. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातला आकडा दुसऱ्या अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहायचा, मग विधान करायचे, आणि तेही मोजक्या शब्दांत. सरकार चुकते आहे असे नुसते ओरडून भागत नाही. सरकारच्याच कागदावरून ते दाखवून द्यावे लागते, हे गोखले तिथे शिकले.

या शिकवणीची किंमत त्यांना एका कटू प्रसंगाने कळली. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेला गेले. साक्ष उत्तम झाली. कसलेल्या इंग्रज सभासदांच्या उलटतपासणीला एकतीस वर्षांचा हा प्राध्यापक पुरून उरला. पण त्याच सुमारास पुण्यात प्लेगचा कहर चालू होता, आणि घरतपासणी करणाऱ्या गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाबद्दल भयंकर मजकुराची पत्रे पुण्याहून त्यांच्याकडे आली. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी विलायतेतल्या वर्तमानपत्राला तसे सांगितले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती तर ते लोक संकटात सापडले असते, आणि नावांशिवाय पुरावा उभा राहीना. गोखल्यांनी नावे सांगितली नाहीत. आरोप बिनशर्त मागे घेतले आणि जाहीर माफी मागितली.

त्या माफीने ते गावात, सभेत, वर्तमानपत्रांत सगळीकडे उघडे पडले. त्याच वर्षी अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांच्याकडे पाठ फिरवणारेही होते. राजकारणातून उठलेच म्हणा ना! पण गोखले पळाले नाहीत. प्लेगच्या पुढच्या फेऱ्यात ते स्वयंसेवक होऊन लोकांच्या घरोघर गेले. पुढच्या अठरा वर्षांत त्यांचा आकडा खोटा ठरवण्याची संधी सरकारला शोधूनही सापडली नाही.

१८९९ साली ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर निवडून गेले. त्या वेळचे कायदेमंडळ म्हणजे आजची विधानसभा नव्हे. १८९२च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्न विचारता येई; पण अंदाजपत्रकावर मत देता येत नसे आणि आलेल्या उत्तरावर उपप्रश्न विचारायची सोय नव्हती. उत्तर गोलमाल आले तरी खाली बसावे लागे. समोर बसलेले कार्यकारी मंडळाचे सभासद, आजच्या भाषेत मंत्री, लोकांना नव्हे तर गव्हर्नरला जबाबदार होते, आणि सरकारी मतांची बेरीज आधीच पक्की असे. अशा ठिकाणी लोकांच्या प्रतिनिधीच्या हातात एकच हत्यार उरते. प्रश्न इतका नेमका विचारायचा की उत्तर टाळले तरी टाळणे सगळ्यांना दिसावे.

मुंबईतली त्यांची मोठी लढाई १९०१ची. दुष्काळाने इलाखा पोळला होता. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असे विधेयक सरकारने आणले. सावकाराच्या तावडीतून कुणब्याला सोडवायचे, असा त्यामागचा गोड युक्तिवाद होता. गोखल्यांचा प्रश्न साधा होता. जमीन गहाण टाकता येत नसेल तर बी-बियाण्यासाठी आणि बैलासाठी शेतकऱ्याला कर्ज कोण देणार? आणि सरकार स्वतः साऱ्याची सूट देणार नसेल, कर्जाची दुसरी सोय करणार नसेल, तर हे सोडवणे की गळा आवळणे? विधेयक पुढे ढकलावे ही सूचना सरकारी मतांनी फेटाळली गेली. तेव्हा सर फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले. त्यांच्यामागून इतर काही सभासद उठले, आणि संयमी म्हणून ओळखले जाणारे गोखलेही उठले. आज सभात्याग रोजचा झाला आहे. तेव्हा मात्र गव्हर्नरसमोरून उठून जाणे ही खळबळ उडवणारी गोष्ट होती.

पुढच्याच वर्षी ते कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. २६ मार्च १९०२. समोर लॉर्ड कर्झन आणि अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ. अंदाजपत्रकात मोठी शिल्लक दाखवली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरवली जात होती. गोखले उभे राहिले आणि त्यांनी त्या शिल्लकेचाच हिशेब मागितला. दुष्काळाने माणसे मरत असताना खजिन्यात पैसा उरतो, याचा अर्थ लोक सुखी आहेत असा होत नाही. लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले गेले असा होतो, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून मांडले. रुपयाचा भाव चढवल्याने विलायतेला पाठवायच्या रकमेत सरकारची बचत झाली, पण कर चढेच राहिले, हेही दाखवले. या भाषणाच्या तयारीत सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी हे जाणकार त्यांच्या पाठीशी होते. कलकत्त्यात भाषण एकट्या गोखल्यांचे ऐकू आले, पण त्याच्यामागे अहवाल चाळणाऱ्या अशा माणसांचे कष्ट होते.

त्यांचा सर्वांत मोठा आग्रह होता तो मिठाचा. मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. श्रीमंताच्या ताटाला त्याचे काही वाटत नाही. भाकरीबरोबर मिठाखेरीज दुसरे काही नसलेल्याला वाटते. वर्षामागून वर्षे अंदाजपत्रकाच्या दिवशी गोखले मिठावर येत. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ला दीडवर, १९०७ला एकावर. त्याच १९०३ साली प्राप्तिकराची सूट वार्षिक पाचशेवरून हजार रुपये उत्पन्नापर्यंत वाढली आणि कारकून-मास्तरांच्या घरांना श्वास मिळाला. सगळे श्रेय एका माणसाचे नाही हे खरे. पण मताचा अधिकार नसताना, फक्त विचारत राहून, गरिबाच्या मिठावरचा कर निम्म्याहून खाली येताना ज्याने पाहिला, असा सभासद विरळाच.

१९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापला आणि त्याच वर्षी ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जहाल-मवाळ भांडण पेटले, टिळकांच्या पक्षाने त्यांच्यावर सडकून टीका केली. सरकारला ते फार अडचणीचे वाटत, आणि जहालांना फार नरम. मधुमेहाने शरीर पोखरत होते. तरी कामात खंड नव्हता.

१९०९च्या सुधारणांनी प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची आणि सभासदांना ठराव मांडण्याची मुभा मिळाली. गोखल्यांनी ती लगेच वापरली. फेब्रुवारी १९१० मध्ये नाताळला करारबद्ध मजूर पाठवणे बंद करावे, हा त्यांचा ठराव सरकारने मान्य केला. आणि १८ मार्च १९१० रोजी त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न मांडला.

इथे आपले बडोदे येते. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा लोकसंख्येच्या दोन टक्केही मुले प्राथमिक शाळेत नव्हती. सक्तीचे शिक्षण विलायतेत चालते, इथल्या लोकांना ते मानवणार नाही, खर्च परवडणार नाही, असे सरकारी उत्तर तयार असे. त्यावर गोखल्यांकडे दूरचे नव्हे, शेजारचे उत्तर होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ पासून अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ पासून तो राज्यभर नेला होता. लोक तेच, गरिबी तीच, चालीरीती त्याच. एका देशी राजाला जे साधते ते बलाढ्य ब्रिटिश सरकारला का साधू नये, या प्रश्नाला सरकारकडे नीट उत्तर नव्हते. आपल्या पणजोबा-पणजींच्या पाटी-पेन्सिलीची साक्ष अशी कलकत्त्याच्या सभागृहात निघाली.

ठरावानंतर सरकारने वेगळे शिक्षण खाते काढले. सर हारकोर्ट बटलर त्याचे प्रमुख झाले. गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले. ते अतिशय सावध होते. सक्ती सरसकट नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी असेल तिने सरकारची मंजुरी घेऊन, जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत आहेत तिथे, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती ती लावायची. महिना दहा रुपयांहून कमी मिळवणाऱ्या पालकाकडून फी घ्यायची नाही. मुलींचा विचार पुढे करायचा, ही त्या मसुद्यातली उणीव आज आपल्याला खटकते. सयाजीरावांनी मुलींनाही सक्तीत घेतले होते.

एवढ्या सौम्य विधेयकालाही प्रांतिक सरकारांनी विरोध केला. लोकांची तयारी नाही, पैसा नाही, असंतोष वाढेल, ही कारणे झाली. काही हिंदी सभासदही विरोधात गेले. बॅरिस्टर जिनांसारखे थोडे सभासद बाजूने उभे राहिले. मार्च १९१२ मध्ये मत घेतले गेले : बाजूने १३, विरुद्ध ३८. हे होणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. तरीही दोन दिवस त्यांनी प्रत्येक आक्षेपाला आकड्याने उत्तर दिले.

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला गेले, गांधीजींबरोबर तिथल्या हिंदी लोकांत फिरले. १९१४ साली सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला टिळक आले आणि स्मशानात या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या देशसेवेचा त्यांनी गौरव केला. ज्या टिळकांचा उत्सव आपण मांडतो, त्यांनीच हा मान दिला होता हे विसरू नये.

हरलेले विधेयक मात्र मेले नाही. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लावण्याचा कायदा झाला. स्वतंत्र भारतात २००२ साली राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क आला, २००९ला कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. गोखल्यांनी ठराव मांडला त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे आणि दोन आठवडे झाले होते.

सरकार कुणाचेही असो, अंदाजपत्रक दरवर्षी मांडले जाते आणि शिल्लक किंवा तूट छापून येते. त्या आकड्याच्या पुढे कुणाचे मीठ, कुणाची फी, कुणाची जमीन आहे हे विचारणारे कुणीतरी सभागृहात लागते. आपल्या वॉर्डातला, आपल्या तालुक्यातला प्रतिनिधी निवडताना तो किती जोरात बोलतो यापेक्षा उभा राहण्याआधी किती वाचून येतो, एवढे आपण पाहिले, तरी नामदार या शब्दाचा मान राहील.