मोटेपासून पंपापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

इंदूर शहराला नर्मदेचे पाणी नळातून मिळते, परंतु ते आपल्या पायांनी तेथवर येत नाही. नर्मदा वाहते खाली निमाडात आणि शहर वसले आहे माळव्याच्या पठारावर. जलूद येथे उचललेले पाणी सुमारे 70 किलोमीटर दूर आणि शेकडो मीटर उंच चढवावे लागते. 1978 पासून हे शहर अक्षरशः पंपांच्या बळावर तहान भागवीत आले आहे. त्याच इंदूरहून तासाभराच्या अंतरावरील देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. ज्या गृहस्थाच्या आडनावाने हे पंप ओळखले जातात, तो मात्र आपल्या शेजारचा. चोर्ला घाट चढून गेले की लागणाऱ्या बेळगाव जिल्ह्यातला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी गुर्लहोसूर येथे झाला. संगीत नाटकाचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. लक्ष्मणरावांना ओढ होती ती चित्रकलेची आणि यंत्रांची. शाळेतील पाठांतरात त्यांचे मन रमले नाही. वडिलांची नाराजी पत्करून, थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे गेली आणि एक विपरीत गोष्ट ध्यानात आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नव्हता. चित्रकार होण्याची वाट तेथेच खुंटली.

रेषा मात्र शाबूत होती. त्यांनी यांत्रिक आरेखन शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकविण्याची नोकरी धरली. शिकविणे संपले की ते कार्यशाळेत जात, यंत्रे खोलत आणि पुन्हा जुळवीत. 1888 मध्ये दोघा भावांनी सायकलींचा व्यापार आरंभिला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत, रामुअण्णा त्या बेळगावात विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि 1897 च्या सुमारास ते बेळगावी परतले. त्या काळी सरकारमान्य संस्थेतील पगार सोडून सायकलीच्या दुकानात येऊन बसणे घरच्यांना कसे वाटले असेल, याची कल्पना करता येते.

दुकानाचा हळूहळू कारखाना झाला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र निघाले, 1903 मध्ये लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्यातून जरा कुठे बस्तान बसते तोच कारखान्याची जागा नगरपालिकेला ठळकवाडी वसाहतीसाठी हवी झाली. यंत्रे आहेत, माणसे आहेत, पण पाय ठेवायला भूमी नाही, अशी अवस्था झाली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तेव्हा आपल्या संस्थानात बोलावून घेतले. कुंडल रोड स्थानकाजवळ त्यांनी 32 एकर जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिले. जमीन म्हणजे नुसता माळ, निवडुंग आणि नाग. 10 मार्च 1910 रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी तेथे रात्रीच्या राखणीचे काम दिले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. तोफांचे नांगर हे आपल्याकडे केवळ कीर्तनातले दृष्टान्त उरले नाहीत, ते प्रत्यक्षात घडले.

नांगरलेल्या भुईला पाणी हवे. त्यासाठी तेव्हा मोट होती. एक माणूस, बैलांची जोडी आणि दिवसभराची खेप. 1926 मध्ये किर्लोस्करवाडीत पहिला अपकेंद्री पंप तयार झाला. त्याच वर्षी थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत अभियांत्रिकीची पदवी मिळवून बाहेर पडले.

या पंपाचा स्वभाव समजून घेण्याजोगा आहे. त्याच्या पोटात पाती फिरतात आणि पाणी बाहेर फेकतात. पाणी असेल तर तो काम करतो. पोटात हवा शिरली तर पाती नुसत्याच गरगरतात, कारण हवा इतकी हलकी की तिच्यावर जोर चालत नाही. म्हणून चालू करण्यापूर्वी त्यात पाणी भरून हवा काढावी लागते आणि नळीच्या तळाशी असलेला फूट व्हॉल्व्ह पाणी धरून ठेवतो की नाही, हे पाहावे लागते. ओढण्याच्या बाजूच्या जोडात केसाएवढी फट असली तरी पंप रुसतो. शिवाय कोणताही पंप पाणी खालून ओढतो म्हणजे वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. हा दाब फार तर दहा मीटर पाणी उचलील, व्यवहारात सहा-सात मीटरच धरावे. विहीर खोल असेल तर पंपच खाली उतरवावा लागतो. मोटेला असली अट नव्हती. शेतकऱ्याने पंपाला नावे ठेवली तर त्यात त्याचा सगळाच दोष नव्हता.

हा नियम आजही बदललेला नाही. घरच्या घरी बिअर तयार करणारे हौशी लोक उकळलेला रस छोट्या पंपाने थंड करण्याच्या नळ्यांतून फिरवतात. त्यांचा पंप अडतो तोही बहुधा याच कारणाने. हवा अडकलेली असते, किंवा रस इतका तापलेला असतो की ओढताना त्याचीच वाफ होते. उपायही तोच : पंप भांड्याच्या खाली ठेवावा, प्रथम भरून घ्यावा आणि प्रवाह कमी करायचा तर बाहेर जाणाऱ्या नळीवर, आत येणाऱ्या नळीवर नव्हे. गोव्यात ज्यांच्या बागायतीत पंप आहे त्यांना हे सांगायला नको.

पंपांनी किर्लोस्करवाडीचे नशीब पालटले, तरी लगेच नव्हे. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हाती पैसा उरला नाही, तेव्हा लोखंडी फर्निचर करून कारखाना तगला. पुढे हरिहर, बंगळूर, पुणे असा विस्तार झाला. तो बहुतांशी पुढच्या पिढीने केला. लक्ष्मणराव औंधचे दिवाणही झाले होते, परंतु त्यांचे नाव राहिले ते कारखान्याशीच.

26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानक आता त्या नावाने ओळखले जात नाही. पुणे-मिरज मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला तेथील फलकावर किर्लोस्करवाडी हे नाव दिसते.