गिल्बर्ट वॉकर : मॉन्सूनचे धागे समुद्रापलीकडे शोधणारा गणिती

एप्रिलमध्ये हवामान विभागाचा मॉन्सूनचा पहिला अंदाज येतो आणि त्यासोबत ‘एल निनो’ हा शब्द गावोगावी ऐकू येऊ लागतो. हजारो किलोमीटर दूरच्या पॅसिफिक महासागराचा आपल्या सोयाबीन-कपाशीशी काय संबंध, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. या संबंधाचा पाया घातला सर गिल्बर्ट वॉकर यांनी. अंदाज कसा घडत गेला हे कळले, की तो कुठपर्यंत धरून चालायचा हेही कळते.

हिमालयातील बर्फापासून सुरुवात

भारतीय हवामान विभाग 1875 मध्ये स्थापन झाला आणि लगेच 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ पडला. दख्खनही त्यात होरपळले. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाकडे लक्ष वेधले. बर्फ जास्त पडून उशिरापर्यंत टिकले, की पुढचा मॉन्सून कमजोर राहण्याचा कल त्यांना दिसला. यामागचे कारण समजायला सोपे आहे. बर्फावरून बरेचसे ऊन परत फेकले जाते आणि उरलेली उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. त्यामुळे जमीन हवी तशी तापत नाही आणि समुद्रावरचे बाष्प खेचून आणण्याचा जोर कमी पडतो.

याच आधारावर 1880 च्या दशकात मॉन्सूनचे अंदाज सुरू झाले. परंतु 1899 मध्ये अंदाज साफ चुकला आणि देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. गुजरात-राजस्थानात तो ‘छप्पनिया’ म्हणून आजही ओळखला जातो. विभागावर टीका झाली आणि पुढे काही वर्षे अंदाज लोकांना न सांगता सरकारपुरता गोपनीय ठेवण्यात आला. ज्याला पेरणी करायची, त्याच्यापर्यंत माहितीच पोहोचेना.

हवामान न शिकलेला प्रमुख

अशा वेळी, 1904 मध्ये, वॉकर विभागाचे प्रमुख म्हणून शिमल्याला आले. त्यांचा जन्म 14 जून 1868 चा, इंग्लंडमधील रॉचडेलचा. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत 1889 मध्ये ते पहिले आले होते. फेकल्यावर परत येणारे बूमरँग कसे उडते, यावर त्यांनी अभ्यास केला होता. हवामानशास्त्राचे शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते.

मॉन्सूनचे पूर्ण शास्त्र अजून हाती नाही, तेव्हा आधी नोंदी काय सांगतात ते तपासू, असे त्यांनी ठरवले. हिमालयातील बर्फ, मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस अशा दूरदूरच्या नोंदी त्यांनी भारतातील पावसाशी ताडून पाहिल्या. तेव्हा संगणक नव्हते. कार्यालयातील भारतीय कर्मचारी हजारो आकड्यांची गणिते हाताने करत.

त्यातून एक मोठी गोष्ट पुढे आली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो आणि तिकडे घटला, की इकडे वाढतो. तराजूच्या पारड्यांसारखा हा खेळ. वॉकर यांनी त्याला ‘दक्षिणी दोलन’ असे नाव दिले. 1924 मध्ये ते भारतातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

मर्यादा सांगण्याचा प्रामाणिकपणा

वॉकर यांचा आणखी एक गुण आपल्या कामाचा आहे. शेकडो आकडे एकमेकांशी जुळवले तर काही योगायोगानेही जुळतात, हे ते जाणून होते आणि तशा जुळण्या पारखून बाजूला काढत.  दीर्घ पल्ल्याच्या भाकितासाठी ‘अंदाज’ हा शब्दही त्यांना जास्त ठाम वाटे. त्याऐवजी पुढची चाहूल, अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरावा, असे त्यांनी सुचवले होते.

असे का घडते, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. 4 नोव्हेंबर 1958 रोजी त्यांचे निधन झाले. पॅसिफिकच्या पाण्याचे तापमान म्हणजे एल निनो आणि वॉकर यांचे दोलन या एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे याकोब ब्यर्कनेस यांनी 1969 मध्ये स्पष्ट केले आणि तिथल्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकर यांचे नाव दिले. शिमल्याचे मुख्यालय 1928 मध्ये पुण्यात आले होते. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात.

आपण यातून काय घ्यायचे?

• एल निनो म्हणजे हमखास दुष्काळ नव्हे. 1997 मध्ये तीव्र एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. उलट 2002 मध्ये सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना सुमारे 19 टक्के तूट आली.

• हंगामाचा अंदाज मोठ्या प्रदेशाचा आणि चार महिन्यांच्या एकूण पावसाचा असतो. तुमच्या शिवारात खंड कधी पडेल, हे तो सांगत नाही.

• एप्रिल-मेच्या अंदाजावरून पीक, वाण आणि आंतरपिकाचे नियोजन करा. पेरणी मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावरच करा.

• पेरणीनंतर फवारणी, खत आणि पाणी यांसाठी जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज पाहा.

• गावात पर्जन्यमापक नसेल तर बसवून घ्या आणि रोजचा पाऊस वहीत लिहा. वॉकर यांचे सारे काम अशाच रोजच्या नोंदींवर उभे राहिले.

अंदाज एकदा चुकला म्हणून तो पाहणेच सोडू नका. त्याची मर्यादा ओळखून एक पर्यायी बेत हाताशी ठेवा.