कॅप्टन पोटोचनिकचं अवकाशातलं वीजघर

अवकाश स्थानक म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते सौर पंख. पण सिलिकॉनचा सोलर सेल आला १९५४ मध्ये. त्याच्या पाव शतक आधी व्हिएन्नातला एक आजारी, निवृत्त कॅप्टन अवकाशातल्या घराला वीज कुठून आणायची याच्या आकृत्या काढत बसला होता. हर्मन पोटोचनिक त्याचं नाव.

जन्म १८९२ चा, आजच्या क्रोएशियातल्या पुला बंदरातला. वडील नौदलात डॉक्टर. ते लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन मारिबोरला आली. पुढे लष्करी शाळा, मग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात रेल्वे आणि पुलांची कामं. पहिल्या महायुद्धात क्षयाने गाठलं. १९१९ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, हातात पेन्शन! पठ्ठ्याने मग व्हिएन्नात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकायला घेतलं. लग्न केलं नाही, राहायचा भावाकडे.

१९२८ च्या अखेरीस बर्लिनमध्ये त्याचं एकुलतं एक पुस्तक निघालं, नोर्डुंग या टोपणनावाने. त्यातलं ३० मीटर व्यासाचं, आठ सेकंदांत एक फेरी घेणारं, राहण्याचं चाक पुढे गाजलं. फिरण्यामुळे कडेला जवळपास पृथ्वीइतकंच वजन जाणवणार होतं. पण माझ्या मते त्याच्यातला खरा इंजिनीअर दिसतो तो विजेच्या भागात.

वर कोळसा नाही, नदी नाही. आहे ते फक्त ऊन. म्हणून चाकाच्या मधोमध त्याने पॅराबोलिक आरसा बसवला. आरशाने ऊन नळीवर एकवटायचं, आतला द्रव उकळायचा, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. थोडक्यात, आपल्या औष्णिक केंद्रासारखंच. गंमत पुढे आहे. ती वाफ गार कशी करणार? निर्वातात ना वारा, ना पाणी. उष्णता बाहेर जाते ती फक्त किरणांच्या रूपाने. त्यामुळे गार करायच्या नळ्या त्याने उन्हाच्या उलट बाजूला, सावलीत नेल्या. पुढे भट्टी, पाठीमागे थंडी, आणि दोन्ही फुकट! साठवणीला बॅटऱ्या होत्याच.

आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकावर टर्बाइन नाही, प्रश्न मात्र तेच आहेत. सुमारे ९० मिनिटांच्या फेरीत साधारण ३५ मिनिटं अंधार, म्हणून बॅटऱ्या लागतात. उष्णता बाहेर टाकायला अमोनिया खेळवलेले रेडिएटर आहेत. १९८० च्या दशकात नासाने फ्रीडम स्थानकासाठी आरसा-टर्बाइनची जोडी आराखड्यात घेतलीही होती. पुढे ती गळली.

पुस्तक आलं तेव्हा व्हिएन्नातल्या इंजिनीअरांनी ते कल्पनाविलास म्हणून बाजूला सारलं. २७ ऑगस्ट १९२९ ला पोटोचनिक गेला, ३६ वर्षांचा, गरिबीत. मारिबोरच्या एका दैनिकात निधनाची बातमी आली. तो कॅप्टन होता, इंजिनीअर होता, आजारी होता, एवढं त्यात होतं. अवकाशाचा उल्लेख नव्हता.